मासळीचा भाव कळतो, तिच्यातलं शिसं कळत नाही

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजाराची बातमी वर्तमानपत्रात नेमाने येते. खोल समुद्रातली मासळी किती आली, खाडीची किती, नदीची किती, आंध्रातून रहू-कटला किती उतरला, पापलेट का वधारलं, सुरमई का उतरली, सगळं त्यात असतं. मासे खाणारी घरं ती वाचून रविवारचा बेत ठरवतात. त्या मासळीत शिसं किती, पारा किती, कॅडमियम किती, हे मात्र कुठे वाचायला मिळत नाही. ते ठरावीक काळाने मोजून लोकांसमोर ठेवायचं, अशी व्यवस्थाच आपण उभी केलेली नाही.

कायद्याची उणीव आहे असं कुणी समजू नये. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या नियमांत माशांतल्या धातूंच्या मर्यादा लिहिलेल्या आहेत. एक किलो माशात शिसं ०.३ मिलिग्रॅमच्या वर नको, कॅडमियम ०.३ च्या वर नको, पारा साध्या माशात ०.५ आणि दुसरे मासे खाणाऱ्या मोठ्या शिकारी माशांत १ मिलिग्रॅमपर्यंत, आणि पाऱ्याचं जास्त विषारी सेंद्रिय रूप, म्हणजे मिथाइल पारा, ०.२५ पर्यंत. हे नियम मुळात २०११ चे आहेत. मर्यादा ठरवली की ती पाळली जाते का, हे बघण्याचं काम उरतं. तेच होत नसेल, तर मर्यादा कागदावर राहते आणि मासा ताटात येतो.

मी मासे खाणाऱ्या घरातली आहे आणि हा लेख मासे सोडा असं सांगण्यासाठी लिहिलेला नाही. माझी मागणी एवढीच आहे की पुणे जो मासा खातं तो मासाच तपासला गेला पाहिजे. नदीचं पाणी तपासून भागणार नाही, परदेशी जाणारा मासा तपासून भागणार नाही. आणि त्याचे आकडे बाजारभावाइतक्याच उघडपणे लोकांना मिळायला हवेत.

‘जड धातू’ म्हटलं की सगळं एकाच पोत्यात भरलं जातं. खरं तर पुण्याच्या बाजारात दोन वेगळ्या पाण्यांतून दोन वेगळे प्रश्न येतात. समुद्राच्या माशाचा मुख्य प्रश्न पाऱ्याचा. कोळसा जाळला की त्यातला पारा हवेत जातो, छोट्या सोन्याच्या खाणींत वापरलेला पाराही जातो, आणि तो फिरत फिरत समुद्रात उतरतो. प्राणवायू कमी असलेल्या गाळातले काही जिवाणू त्याचा मिथाइल पारा करतात. तो शेवाळात शिरतो, शेवाळ खाणाऱ्या बारीक जीवांत जातो, मग तारलीत, तारली खाणाऱ्या सुरमईत आणि शेवटी मुशीत, म्हणजे शार्कमध्ये. प्रत्येक पायरीला तो दाटत जातो. म्हणून लहान आणि अल्पायुषी बांगडा, तारली, मांदेली यांच्यात तो कमी सापडतो आणि वर्षानुवर्षं शिकार करत जगलेल्या माशांत जास्त. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींनी आणि मुलांनी टाळावेत म्हणून सांगितलेल्या माशांत शार्क आहे, तलवार मासा आहे आणि किंग मॅकरेल आहे. हा किंग मॅकरेल आपल्या सुरमईच्याच कुळातला. त्यांच्या पाण्यातला आकडा आपल्या सुरमईला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण आपल्या सुरमईचा आकडा आपण काढायला हवा, हे सांगायला एवढा इशारा पुरेसा आहे.

समुद्रातला पारा साऱ्या जगाने मिळून केलेला आहे आणि तो एकट्या पुण्याच्या हाताबाहेरचा आहे. नदीतल्या माशाचं तसं नाही. तिथे जे काही आहे ते आपलं आहे, इथलं आहे, आणि त्याची वाट नकाशावर बोट ठेवून दाखवता येते. पवना दापोडीला मुळेला मिळते. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात. इंद्रायणी तुळापूरला भीमेत जाते, मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ. पुढे भीमा दौंड ओलांडते आणि उजनीच्या फुगवट्यात शिरते. म्हणजे पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण, हडपसर या पट्ट्यातून जे वाहून जातं, त्याचा शेवटचा मुक्काम उजनी.

या पट्ट्यात वाहनउद्योग आहे आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांचं मोठं जाळं आहे. क्रोम प्लेटिंग, निकेल प्लेटिंग, झिंक प्लेटिंग, फॉस्फेटिंग अशी कामं करणारे कितीतरी जण एका गाळ्यात, चार-पाच टाक्यांवर धंदा करतात. टाकीतलं पाणी बदललं की जुनं पाणी कुठेतरी जावंच लागतं. ते सामायिक प्रक्रिया केंद्रात गेलं तर ठीक. रात्री नाल्यात सोडलं, तर क्रोमियम आणि निकेल थेट नदीत. जुन्या बॅटऱ्या फोडण्याचा धंदा, भंगारातले संगणक जाळून तांबं काढण्याचा धंदा, रंग, हेही याच वाटेवर येतात. शेतात पडणाऱ्या फॉस्फेट खतांत मूळ खडकातून आलेलं कॅडमियम असतं. मोठ्या कंपनीकडे बोट दाखवून हा विषय संपत नाही. ज्या लहान गाळेवाल्याकडे स्वतःची प्रक्रिया यंत्रणा बसवायला जागाही नाही आणि पैसाही नाही, त्याच्यासाठी टँकरने पाणी उचलून नेणारी स्वस्त, खात्रीची सोय असती, तर नाल्यात गेलेलं कितीतरी पाणी वाचलं असतं.

उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. नदी वाहते तोवर तिच्यातला बारीक गाळ पुढे सरकत राहतो. धरणाच्या संथ पाण्यात तो खाली बसतो. शिसं, क्रोमियम, कॅडमियम हे धातू पाण्यात फार वेळ विरघळून राहत नाहीत, ते गाळाच्या कणांना धरून बसतात. म्हणूनच वरचं पाणी तपासलं की आकडा लहान येतो आणि सगळे निश्चिंत होतात. चार दशकांहून जास्त काळ साचलेल्या त्या गाळात काय आहे, हा खरा प्रश्न. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, तळाशी प्राणवायू संपतो, आणि अशा वेळी गाळातले काही धातू पुन्हा पाण्यात मोकळे होऊ शकतात. भिगवण-इंदापूर भागात ज्याला चिलापी म्हणतात तो मासा शेवाळ खातो, आणि त्याबरोबर तळाचा कुजका गाळही चरतो. शिंगटा, मरळ, वाम हेही तळाशी राहणारे. भिगवणचा मासळी बाजार याच माशांवर उभा आहे. सोलापूर महामार्गावरच्या हॉटेलांत थांबून चिलापी फ्राय खाणाऱ्यांत निम्मं पुणं आहे.

आता आपण मोजतो काय, ते पाहू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या नद्यांचे ३११ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यात सर्वांत जास्त, ५५, महाराष्ट्रातले. ही यादी तयार होते ती जैविक ऑक्सिजन मागणीवरून, म्हणजे बीओडीवरून. पाण्यात सडणारी घाण किती आहे, हे बीओडी सांगतो. मैलापाणी ओळखायला तो चांगला आहे. शिसं ओळखायला त्याचा काहीच उपयोग नाही. एखाद्या पट्ट्याचा बीओडी उतरला की तो यादीत कमी गंभीर गटात जातो किंवा बाहेर पडतो, आणि माशातलं कॅडमियम होतं तिथेच राहू शकतं.

पुण्याच्या नदीसुधारणेची सगळी आशा ज्या प्रकल्पावर ठेवली गेली, तो जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा प्रकल्प २०१६ मध्ये मार्गी लागला. ९९० कोटी रुपये, ११ मैलाशुद्धीकरण केंद्रं, रोज ३९.६ कोटी लिटर क्षमता. मुदत २०२२ ची होती आणि ती कधीच उलटली. ही केंद्रं हवीतच, लवकर हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांच्याकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा ठेवू नये. मैलाशुद्धीकरणात जिवाणू घाण खातात. धातू कुणी खात नाही. त्याचा काही भाग केंद्राच्या गाळात बसतो, उरलेला शुद्ध म्हणून सोडलेल्या पाण्याबरोबर पुढे जातो. गाळ खत म्हणून शेतावर गेला, तर तोच धातू दुसऱ्या वाटेने ताटात येतो. आणि मैल्याच्या वाहिनीत क्रोमियमचं पाणी मोठ्या प्रमाणात शिरलं, तर केंद्रातले जिवाणूच मरतात. म्हणजे ज्या यंत्रणेवर विसंबायचं तीच बंद पडते. धातू उगमापाशीच, टाकीच्या तोंडाशीच अडवावा लागतो. खाली आल्यावर फार उशीर झालेला असतो.

पवनेत किंवा इंद्रायणीत मासे मरून तरंगले की बातमी होते, फोटो येतात, अधिकारी पाण्याचे नमुने घेऊन जातात. तसं झालंच पाहिजे. पण असे मासे बहुतेक वेळा प्राणवायू संपल्याने मरतात. मेलेला मासा निदान ताटात येत नाही. धातू साठवत वाढलेला मासा जिवंत, ताजा, चकचकीत असतो. कल्ले लाल, डोळे टपोरे, बोटाने दाबलं तर मांस वर येणारं. आपल्या आया-आज्यांनी शिकवलेली पारख ताजेपणाची आहे आणि ती आजही उपयोगी आहे. शिशापुढे ती चालत नाही. धातूला वास नाही, चव नाही. तळल्याने तो उडत नाही, चिंच-कोकमाने मरत नाही.

शरीरात गेल्यावर प्रत्येक धातू आपली जागा धरतो. मिथाइल पारा मेंदूत जातो, नाळेतून गर्भात उतरतो. रक्तातला तो निम्मा व्हायला साधारण दीड-दोन महिने लागतात. कॅडमियम मूत्रपिंडात साठतं आणि तिथून निम्मं निघायलाही दहा ते तीस वर्षं घेतं. शिसं हाडांत कॅल्शियमची जागा घेऊन बसतं. बाई गरोदर राहिली की बाळासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम निघतं आणि त्याबरोबर तिच्या लहानपणीचं शिसंही निघतं. आईने पंधरा वर्षांपूर्वी खाल्लेलं बाळापर्यंत पोचतं. कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने कॅडमियम, असेंद्रिय आर्सेनिक आणि षट्संयुजी क्रोमियम (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) यांना माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त अन्न तज्ज्ञ समितीने शिशाची जुनी साप्ताहिक मर्यादा २०१० मध्ये मागे घेतली ती याच कारणाने.

म्हणून आपल्या मर्यादेच्या आतला मासा म्हणजे निर्धास्त मासा, असं मानायला मी तयार नाही. हिशेब करून पाहा. ०.३ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर असलेल्या माशाची १०० ग्रॅमची तुकडी खाल्ली की ३० मायक्रोग्रॅम शिसं पोटात जातं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने लहान मुलांसाठी अन्नातून येणाऱ्या शिशाची संदर्भ पातळी दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. तिच्यात सुरक्षिततेसाठी दहापट अंतर राखलेलं आहे, हे खरं. ते अंतर काढून टाकलं तरी २२ होतात. असा मासा रोज खाणारं मूल कायद्याच्या चौकटीत राहूनही त्या पातळीच्या वर जातं. पाऱ्याचंही तसंच. तज्ज्ञ समितीने मिथाइल पाऱ्यासाठी ठरवलेली मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम आहे. ६० किलोच्या माणसाला ९६, २० किलोच्या मुलाला ३२. आपल्या कायदेशीर मर्यादेवर असलेला मासा मोठ्या माणसाने आठवड्यात ३८० ग्रॅमच्या आसपास खाल्ला, किंवा मुलाने १२८ ग्रॅम, की ती मर्यादा गाठली जाते. कॅडमियमच्या बाबतीत युरोपीय संघ बहुतेक माशांसाठी ०.०५ मिलिग्रॅम मानतो आणि आपण ०.३. सहापट. आपलं मूत्रपिंड युरोपातल्या माणसापेक्षा सहापट दणकट आहे असं कुणी म्हणत नाही.

सर्वांत जास्त चीड येते ती पुढच्या गोष्टीची. भारतातून युरोपला जाणारा मासा तपासला जातो. समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण आणि निर्यात निरीक्षण परिषद यांची त्यासाठी व्यवस्था आहे, प्रयोगशाळा आहेत, प्रमाणपत्रं आहेत. भारतीय माकूलमध्ये कॅडमियम जास्त निघालं म्हणून युरोपात इशारे निघालेले आहेत, माल अडवला गेला आहे. याचा अर्थ असा की यंत्र आहे, माणसं आहेत, पद्धत आहे, आणि खाणारा परदेशी असेल तर हे सगळं कामाला लागतं. तोच समुद्र, तीच होडी, तीच जाळी. एक टोपली रत्नागिरीहून बर्फात बसून पुण्याला येते तेव्हा तिला कुणी काही विचारत नाही. इथल्या माणसाच्या ताटाची किंमत त्याहून कमी का मानायची?

यावर अभ्यास झालेच नाहीत असं मुळीच नाही. उजनीच्या पाण्यावर, गाळावर, माशांवर महाविद्यालयांतून, विद्यापीठांतून प्रबंध लिहिले गेले आहेत. पण ते एकमेकांशी जुळवणं अवघड जातं, आणि वर्तमानपत्रात येताना त्यांचा गोंधळ आणखी वाढतो. एकाने माशाचं मांस तपासलेलं असतं, दुसऱ्याने यकृत आणि कल्ले. शिसं आणि कॅडमियम यकृतात, मूत्रपिंडात, कल्ल्यांत जास्त साठतं, मांसात कमी; तेव्हा यकृताचा आकडा मथळ्यात टाकून लोकांना घाबरवणं अन्यायाचं आहे. कुणी सुकवलेल्या मांसाचं वजन धरतं, कुणी ओल्या मांसाचं. ताज्या माशात साधारण तीन-चतुर्थांश पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनावरचा आकडा चार-पाचपट मोठा दिसतो. कायद्याची मर्यादा ओल्या वजनावर आहे. समुद्राच्या माशात आर्सेनिक भरपूर सापडतं, पण त्यातलं बहुतेक अशा सेंद्रिय रूपात असतं की ते फारसं अपाय न करता लघवीवाटे निघून जातं. एकूण आर्सेनिकचा आकडा देऊन थांबणं म्हणजे अर्धवट सांगणं.

उलट बाजूची चूकही तितकीच मोठी आहे. ‘धोका मर्यादेत आहे’ असा निष्कर्ष ज्या गणितातून निघतो, त्यात खाणारा माणूस सरासरी धरलेला असतो. साठ-सत्तर किलो वजन, दिवसाला अमुक ग्रॅम मासा. ज्या देशात कोट्यवधी लोक मासा खातच नाहीत, तिथली सरासरी लहानच येणार. उजनीच्या काठावर राहणाऱ्या भोई कुटुंबाला ती कशी लागू पडेल? त्यांच्या घरी विकून उरलेला मासा रोज शिजतो. बारीक मासळी काट्यासकट, डोक्यासकट कालवणात जाते, मुलंही तेच खातात. संगमवाडीपासून मुंढव्यापर्यंत नदीकाठी गळ टाकून बसणाऱ्या मजुरांचंही हेच. आठवड्यातून एकदा सुरमईची तुकडी खाणाऱ्या कोथरूडच्या घरापेक्षा यांचा धोका कितीतरी मोठा आहे, आणि सरासरीत तो विरघळून दिसेनासा होतो. तपासणीची सुरुवात करायची तर या लोकांच्या चुलीपासून करायला हवी.

आकडे जाहीर केले तर मासेमाऱ्यांचा धंदा बुडेल, हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. तो खोटाही नाही. २०१८ मध्ये गोव्यात फॉर्मेलिनचा गवगवा झाला, तेव्हा बाहेरून येणारी मासळी बंद करावी लागली, आणि ज्याचा काही दोष नव्हता त्यालाही फटका बसला. मात्र तो फटका माहितीने बसला की माहिती नसल्याने? आज हा मासा ठीक, तो नाही, असं सांगणारी विश्वासाची जागाच नव्हती, म्हणून लोकांनी सगळ्याच टोपल्यांकडे पाठ फिरवली. वर्षानुवर्षं आकडे येत राहिले की लोकांना ते वाचायची सवय होते. रोज तापमान वाचणारा माणूस ३८ अंशांना घाबरून घर सोडत नाही.

जपानमधल्या मिनामाताचा इतिहास या आक्षेपाचं उत्तर देतो. १९५६ मध्ये तिथे आजाराची पहिली अधिकृत नोंद झाली. १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी पाऱ्याकडे बोट दाखवलं. सरकारने कारखान्याच्या मिथाइल पाऱ्याला अधिकृतपणे कारण मानलं १९६८ मध्ये. मधली नऊ वर्षं लोक मासे खात राहिले, कारखाना सांडपाणी सोडत राहिला, हातपाय वाकडे झालेली मुलं जन्मत राहिली. सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भोगलं ते मासेमारांच्याच कुटुंबांनी. गप्प राहिल्याने त्यांचा धंदा वाचला नाही आणि जीवही वाचले नाहीत. उजनी म्हणजे मिनामाता नव्हे; तिथे एकाच कारखान्याचा पारा थेट खाडीत जात होता आणि त्याचं प्रमाण प्रचंड होतं. तरीही कळल्यानंतर सांगायला लावलेला उशीर कुणाच्या अंगावर पडतो, हे त्यातून स्पष्ट दिसतं. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला याच गावाचं नाव आहे आणि भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला आहे.

मासा सोडणं हा उपाय नाही, हेही शास्त्रच सांगतं. फेरो बेटांवर व्हेलचं मांस खाणाऱ्या आयांच्या मुलांत पाऱ्याचे परिणाम दिसले. सेशेल्समध्ये साधे समुद्री मासे भरपूर खाणाऱ्या आयांच्या मुलांत तसं स्पष्ट नुकसान आढळलं नाही. माशातली चांगली चरबी, आयोडीन, ब जीवनसत्त्व, प्रथिनं बाळाच्या मेंदूला हवीच असतात. गरिबाच्या घरात तर स्वस्त चिलापीइतकं चांगलं प्रथिन दुसरं नसतं. म्हणूनच ‘मासे खाऊ नका’ असा फतवा काढणं सोपं आणि चुकीचं आहे. कोणता मासा, कुठला, किती वेळा, कुणी, हे सांगता आलं पाहिजे. गरोदर बाईने मुशी, कुपा, मोठी सुरमई टाळून बांगडा, तारली, मांदेली खावी, हे आजही सांगता येतं. नदीच्या माशाचे कल्ले, आतडी, काळीज काढून टाकावं, तेही सांगता येतं; त्याने शिसं-कॅडमियम कमी होतं, मांसात बसलेला पारा मात्र नाही. त्यापुढे प्रत्येकीने आपल्या स्वयंपाकघरात स्वतःचं स्वतः बघावं, अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे जबाबदारी झटकणं आहे.

काम कुणाचं, यावर गाडी अडते. पाणी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मासा मत्स्यव्यवसाय विभागाकडे, अन्न राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे (एफडीए), सांडपाणी दोन महापालिकांकडे. मासा पाण्यात असतो तोवर तो अन्न नसतो आणि बाजारात आला की त्याच्या पाण्याचं कुणी विचारत नाही. पुणे जिल्ह्यात अन्न तपासू शकणाऱ्या सरकारी आणि खासगी प्रयोगशाळा आहेत, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारखी संस्था आहे, विद्यापीठ आहे. कमी आहे ती एका टेबलावर चार खाती बसवण्याची. एफडीएने पुढाकार घ्यावा, कारण मर्यादा मोडली तर कारवाईचा अधिकार त्यांच्याकडे आहे.

सुरुवात फार मोठी असण्याची गरज नाही. गणेश पेठ आणि भिगवण हे दोन बाजार. दहा-बारा जातींचे मासे. वर्षातून दोनदा, कडक उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर. मांस वेगळं, यकृत वेगळं, आणि काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी अख्खी तपासायची. ओल्या वजनावर आकडे, पद्धत उघड, आणि सगळा तक्ता मराठीत, बाजारातल्या फलकावर आणि वर्तमानपत्रात. त्याच्याबरोबर काठावरच्या गावांतल्या लहान मुलांच्या आणि गरोदर बायांच्या रक्तातलं शिसं, त्यांची परवानगी घेऊन, नावं गुप्त ठेवून. नदीकाठ सुशोभित करायला ज्या शहराकडे पैसा आहे, त्याला या तपासणीचा खर्च जड जाणार नाही.

आणि एक गोष्ट तपासणीच्या आधीच लिहून ठरली पाहिजे. एखाद्या जातीचा मासा मर्यादेच्या वर निघाला आणि तो काही काळ विकू नका म्हणावं लागलं, तर त्या काळातली भरपाई मासेमारांना कुणी द्यायची? राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यात प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी हे तत्त्व आहे. ज्याने जाळं टाकलं त्याने तो धातू पाण्यात टाकलेला नाही. बंदी असलेल्या मांगूर माशाच्या शेततळ्यांवर झालेली कारवाई उजनीच्या काठाने पाहिलेली आहे. बंदी योग्य असली तरी तिथे ती तळेवाल्यावर येऊन थांबली. या वेळी दंड वरून, प्लेटिंगच्या टाकीपासून आणि महापालिकेच्या नाल्यापासून वसूल व्हावा आणि भरपाई खाली, होडीपर्यंत पोचावी. तसा आदेश हातात असेल, तर नमुना द्यायला भिगवणचा मासेमार स्वतः पुढे येईल. पहिला नमुना येत्या मे महिन्यात घ्यावा, धरणाचं पाणी तळाला गेलेलं असताना.